सौम्योक्तीची किंमत : 'ढुंगण', 'पार्श्वभाग' आणि तुकारामांची लंगोटी

बीजसंज्ञा : सौम्योक्ती, ग्राम्यता, वाक्प्रचार, पाठभेद

प्रथम वर्षाच्या वर्गात 'पाय लावून पळणे' हा वाक्प्रचार शिकवीत असताना धाकटी डहाणूहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पाय कशाला लावून?" वर्गात हशा पिकला, कारण उत्तर सर्वांनाच ठाऊक होते. पूर्ण वाक्प्रचार 'ढुंगणाला पाय लावून पळणे' असा आहे. जिवाच्या आकांताने धावणाऱ्याच्या टाचा मागे जेथे आदळतात, ते स्थळच सभ्य रूपातून गाळले गेले. प्रस्तुत लेखकाने त्या दिवशी 'वेगाने पळणे' एवढा अर्थ सांगून वेळ मारून नेली. सदर टिपणाचा उगम त्या पळवाटेत आहे.

गाळणे सर्वत्र दोषास्पद असते असे नाही. 'आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून' या म्हणीत नामाचा उच्चारच नाही. नपुंसकलिंगी षष्ठी पुढे सरकते आणि रिकामी जागा ऐकणारा स्वतः भरतो. तेथे मौन हाच विनोद आहे. 'कमरेचे सोडून डोक्याला गुंडाळणे' यातही शब्द वीतभर वर सरकला, तरी उघडेपणा शाबूत राहिला. अशा सौम्योक्तीला भाषेची जाण आहे.

'बूड' हा शब्द तर खास मराठी तोडगा म्हणावा लागेल. घागरीला बूड, होडीला बूड आणि माणसालाही बूड. ज्याचे बूड एका जागी टिकत नाही, तो कलंडणाऱ्या भांड्यासारखा दिसतो. हसू येते ते त्यामुळे. 'बिनबुडाचे आरोप' तर वृत्तपत्रांतही प्रतिष्ठित झाले आहेत. उलट 'पार्श्वभाग' पाहावा. संस्कृतात 'पार्श्व' म्हणजे कूस, बाजू. म्हणजे सभ्यतेसाठी आपण अवयवाची जागाच बदलली! 'नितंब' काव्यातील नायिकांसाठी राखीव आहे. खोडकर मुलाला नितंबावर फटका बसल्याचे कोणी ऐकले नसेल. तलासरीच्या सीमेपलीकडे गुजरातीत 'कूलो' आणि अलीकडे मराठीत 'कुल्ला' एकच अर्थ वाहतात. मात्र हिंदीच्या तासाला 'कुल्ला करना' म्हणजे चूळ भरणे, हे शिकवणाऱ्या शिक्षकाची अवस्था कठीण होते.

ग्राम्यता शब्दाच्या अंगी असते, की ऐकणाऱ्याच्या काळात? मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त ग्राम्य या पददोषाचे उदाहरण म्हणून जो शब्द दिला, तो आहे 'कटि'. आज विठ्ठलाचे हात त्याच कटीवर आहेत आणि कोणाही भाविकाला तो शब्द ग्राम्य वाटत नाही. 'ढुंगण'ही मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात निःसंकोचपणे नोंदलेले आहे. संकोच कोशकारांपेक्षा अध्यापकांना अधिक झाला, असे दिसते.

या संकोचाची खरी किंमत मोजावी लागली ती तुकारामांच्या बाबतीत. विष्णुदासांच्या मृदू आणि कठोर अशा दुहेरी प्रकृतीचे वर्णन करणाऱ्या त्यांच्या सुपरिचित अभंगात, भल्या माणसाला अंगावरची लंगोटीही देऊ, अशी ग्वाही आहे. ती लंगोटी 'गांडीची' असा गाथेतील पाठ आहे. पाठांतरात आणि क्रमिक पुस्तकांत ती 'कासेची' झाली. बदल एका शब्दाचा, वृत्तालाही धक्का नाही, म्हणून तो निरुपद्रवी मानला जातो. परंतु त्याच ओळीच्या उत्तरार्धात नाठाळाच्या माथ्यावर काठी आहे. देणारा स्वतःचे खालचे टोक उघडे करतो आणि दुष्टाच्या वरच्या टोकावर प्रहार करतो. औदार्याचे माप येथे स्वतःच्या लज्जेने घेतले आहे. 'कास' म्हटल्याबरोबर ते केवळ वस्त्रदान ठरते. दात्याचा नागवेपणा नाहीसा होतो आणि ओळीची दोन टोके परस्परांशी बोलेनाशी होतात. 'ढुंगण' गाळल्याने एक वाक्प्रचार दुर्बोध झाला. येथे कवीचा विचारच मवाळ झाला आहे. भाविकांच्या ओठी रुळलेला पाठ बदलावा, असा आग्रह नाही. पदवी वर्गात मात्र दोन्ही पाठ शेजारी ठेवून तुलना व्हावयास हवी.

त्यानंतरच्या वर्षी दोन्ही पाठ फळ्यावर लिहिले. पहिला शब्द लिहिताना खडू क्षणभर थबकला, हे नोंदविणे प्रामाणिकपणाचे होईल. वर्ग या वेळी हसला नाही. मागच्या बाकावरून एवढेच विचारले गेले, "सर, परीक्षेत कुठला लिहायचा?"