हिवरे बाजारची गोष्ट आणि दहा मुलांचा निकाल

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण जिभेला अजून सवय नाही) कुणालाही चांगली सरकारी शाळा विचारा, हिवरे बाजारचं नाव निघणारच. गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. गाव दुष्काळी, सरकारी नोकराची तिथे बदली म्हणजे शिक्षा. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, गावाने पाणी अडवलं, शाळेचंही मनावर घेतलं आणि चित्र पालटलं.

गोष्ट खरी आहे. माझं भांडण तिच्याशी नाही. तिच्यावरून आपण जो निष्कर्ष काढतो, ‘गाव एक झालं की शाळा सुधारते’, त्याच्याशी आहे.

हे म्हणायचं तर फक्त सुधारलेली शाळा पाहून भागत नाही. गाव एक होऊनही जिथे पोरं वाचायला शिकली नाहीत, अशा शाळा बघाव्या लागतात. आणि गावात दोन पार्ट्या असूनही जिथे वर्ग छान चालतो, अशाही. पण त्या पहिल्या प्रकारच्या शाळेवर लेख कोण लिहिणार? तिथे अभ्यास दौऱ्याची गाडी कोण नेणार? जिंकलेल्यांनाच विचारलं की सगळे म्हणतात, आम्ही मेहनत घेतली. हरलेल्यांनीही घेतलेली असते, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

इथवर ठीक, हे कुणालाही सुचेल. मी एमएस्सी संख्याशास्त्रात केली, म्हणून मला खरी टोचणारी गोष्ट दुसरी आहे.

समजा जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा अगदी सारख्याच आहेत. शिक्षक सारखे, गावं सारखी, आणि कुठल्याही मुलाला नीट वाचता येण्याची शक्यता ६० टक्के. आता प्रत्येकी दहा मुलं असलेल्या शंभर शाळा घ्या. गणित सांगतं की साधारण १७ शाळांत आठ किंवा जास्त मुलं वाचतील. आणि आणखी १७ शाळांत चार किंवा त्याहून कमी. पहिल्या १७ शाळांच्या फलकावर ‘प्रगत’ लागेल, दुसऱ्या १७ शाळांच्या गुरुजींना खुलासा मागितला जाईल. दोघांत फरक काय? काहीच नाही, तसं आपणच धरलंय. शंभर मुलांच्या शाळेत मात्र हा खेळ चालत नाही. तिथे ८० टक्के किंवा ४० टक्के निकाल नुसत्या योगायोगाने लागणं जवळपास अशक्य.

म्हणजे यादी कुठलीही काढा, वरच्या टोकाला लहान शाळा दिसणार आणि खालच्या टोकालाही लहानच. अमेरिकेत याचा मोठा फटका बसला. सर्वोत्तम शाळांत लहान शाळा जास्त दिसतात म्हणून गेट्स फाउंडेशनने लहान शाळा उभारण्यावर प्रचंड पैसा ओतला. पुढे हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने दाखवलं की तळाच्या यादीतही लहान शाळाच जास्त आहेत. यादी उलटी करून बघायचं राहून गेलं होतं.

आपल्याकडे हाच घोटाळा उलट्या दिशेने होतो. २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळेत पाठवायचं ठरवलं, तेव्हा कमी पटाबरोबर कमी गुणवत्तेचंही कारण दिलं गेलं. २०२३ मध्ये विसाच्या आतल्या पटासाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. पटाचा किंवा खर्चाचा मुद्दा असेल तर तसं सांगा, त्यावर वाद घालता येईल. एवढ्याशा शाळेत मुलांना सवंगडी मिळत नाहीत, हेही मी मान्य करते. पण आठ मुलांच्या निकालावरून गुणवत्ता ठरवू नका. आठातलं एक पोर त्या दिवशी तापाने घरी राहिलं तर निकाल साडेबारा टक्क्यांनी हलतो.

आणि पोरं तापानेच घरी राहतात असं नाही. मी पाथर्डी तालुक्यातली. आमच्याकडे दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि उचल घेतलेली कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यावर जातात. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरानगरला. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका तालुक्याची शाळा ऊसतोडीमुळे रिकामी होते आणि दुसऱ्या तालुक्यात साखरेच्या पैशातून शिक्षणसंस्था उभ्या राहतात. या दोन तालुक्यांच्या निकालांची तुलना करून ‘तिकडचे गुरुजी कामसू’ म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

गुरुजींवरून आठवलं. ‘मास्तर येतच नाहीत’ हे आपलं आवडतं कारण. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पथकं न सांगता सरकारी प्राथमिक शाळांत गेली. देशभरात दर चारातला एक शिक्षक गैरहजर होता. महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के, पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी. मास्तर येतात, तरीही पाचवीतल्या कितीतरी पोरांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. तेव्हा प्रश्न मास्तर आल्यावर वर्गात काय होतं, हा आहे.

यावर माझा विश्वास बसलेला पुरावा कुठल्याही आदर्श गावातून आलेला नाही. तो मुंबई आणि वडोदऱ्याच्या म्युनिसिपल शाळांतून आला. ‘प्रथम’ संस्थेने तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोनेक तास वर्गाबाहेर काढून वस्तीतल्याच एका तरुणीकडे, बालसखीकडे, दिली. ती इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवून त्यांना येत असेल तिथून शिकवायची. कुठल्या शाळेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणून तुलना खरी झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ चा. गुण वाढले, आणि वाढले ते मुख्यतः कच्च्या मुलांचे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला, हेही त्यांनीच छापलंय. मला तो अभ्यास आवडतो तो यासाठीही. आदर्श शाळेच्या गोष्टीत ‘नंतर ओसरलं’ हे वाक्य तुम्ही कधी वाचलंय?

आमच्या वस्तीवरच्या शाळेचा पट यंदा ११ आहे. दोन शिक्षक, त्यातले एक बऱ्याचदा मतदार यादीच्या कामावर. चौथीत तीन मुलं. त्यातली एक मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर जाईल. मार्चमध्ये केंद्रप्रमुख वाचन घ्यायला येतील तेव्हा समोर दोघं बसलेली असतील, आणि चौथीचा निकाल शून्य, पन्नास किंवा शंभर टक्के, यांतलाच एक लागेल.