अवसेचं वाचन

अवसेला आमच्याकडं औत धरत नाहीत. बैलाला सुट्टी, म्हणून माणसालाही थोडी. आता आमच्या माण तालुक्यातल्या या गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या, तरी अवस पाळायची सवय गेलेली नाही. ट्रॅक्टरवालाही त्या दिवशी ट्रॅक्टर धुतो, लिंबू-मिरची बांधतो, नारळ फोडतो आणि गावात मोकळा हिंडतो. त्या मोकळ्या दिवसाचा आम्ही उपयोग करून घेतला. गेली नऊ वर्षं दर अवसेला दिवेलागणीनंतर आम्ही दहा-बारा जण पुस्तक घेऊन बसतो. बसायची जागा मारुतीच्या देवळाचा सोपा.

बसणारे कोण? एक निवृत्त गुरुजी. मी, दहावी झालेला शेतकरी. एक मेंढरं राखणारे आबा, ज्यांना वाचता येत नाही पण ऐकलेलं विसरता येत नाही. दुधाच्या गाडीवरचा एक पोरगा, एक ट्रॅक्टरवाला, पिठाच्या गिरणीवाला, आणि येऊन-जाऊन असणारे बाकीचे. पुस्तक मात्र एकच असतं. तालुक्याच्या वाचनालयातून गुरुजींच्या नावावर आणायचं. पुस्तक एक आणि माणसं बारा, म्हणून एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. राहिलेलं पुस्तक महिनाभर घरोघर फिरतं.

असं मोठ्यानं वाचून दाखवणं काही आम्ही शोधून काढलेलं नाही. 1883 साली महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा छापायच्या आधीच पुणं, मुंबई, ठाणं, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी तो लोकांना वाचून दाखवला होता. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला वाचता येत नाही, तर त्याच्यापुढं जाऊन वाचायचं, असा तो साधा हिशेब. आमच्या आबांच्यामुळं आम्हीही तोच हिशेब धरला.

आमच्याकडं एक वही आहे. पुस्तक ज्याच्या घरी जाईल त्यानं वहीत दोन ओळी लिहायच्या. पुस्तक कसं आहे आणि कुणाला सांगावं, एवढंच. नुसतं 'छान आहे' असं लिहिलं तर त्या अवसेचा चहा त्याच्याकडं. हा नियम गुरुजींनी घातला. पहिलं वर्षभर चहा बहुतेक माझ्याकडंच होता.

पुस्तक दुसऱ्याला सांगणं ही मला आधी सोपी गोष्ट वाटायची. आपल्याला आवडलं की सांगायचं, झालं! पण बियाणं सांगताना आपण असं करतो का? पहिल्यांदा रान विचारतो. काळं आहे का मुरमाड, पाणी किती, मागचं पीक काय होतं. पुस्तक सांगताना मात्र समोरच्याचं रान न बघता आपण आपलंच वाण त्याच्या गळ्यात मारतो. माझं हे चुकत होतं, ते मला तीन पुस्तकांनी दाखवलं.

पहिलं आनंद यादवांचं 'गोतावळा'. 1971 सालची कादंबरी. नारबा हा शेतावरचा गडी. त्याला स्वतःचं माणूस नाही, मालकाची जनावरं हाच त्याचा गोतावळा. मग मळ्यात ट्रॅक्टर येतो, जनावरं एकेक करून जातात, आणि नारबाला तिथं राहण्यासारखं काही उरत नाही. सगळी कादंबरी नारबाच्याच बोलीत आहे, कोल्हापूरकडच्या. मी शेवटची बैलजोडी विकली त्या वर्षी हे पुस्तक वाचलं होतं. दावणीला कुणी नाही हे बघून मी पहाटे उठायचा थांबलो होतो. त्यामुळं हे पुस्तक माझं झालं आणि दिसेल त्याला मी ते सांगत सुटलो.

ट्रॅक्टरवाल्यानं ते महिनाभर ठेवून घेतलं. अवसेला म्हणाला, "आण्णा, पुस्तक खरं हाय. नारबासाठी माझ्याबी डोळ्यांत पाणी आलं. पण आमचा बाप असाच दुसऱ्याच्या मळ्यात गडी व्हता. आयुष्यभर मालकाच्या जनावरांची श्याणं काढली. म्या हप्त्यानं ट्रॅक्टर घेतला तवा आमच्या घरात पयल्यांदा सवताचं काय तरी आलं. तुमच्या पुस्तकात ट्रॅक्टर मालकाचा हाय म्हणून वाईट. तो नारबाचा असता तर?"

कुणी काही बोललं नाही. मी घरी जाऊन पुस्तक परत चाळलं. कादंबरी खोटी पडत नाही. नारबा जसा जगला तसाच तो सांगतो, आणि त्याच्या जिभेवर लेखकानं आपले शब्द ठेवले नाहीत, हेच तिचं मोठं बळ. पण मी ती जी वाचत होतो ती माझ्या विकलेल्या बैलांची गोष्ट होती. ज्याच्या बापाला स्वतःचा बैलच नव्हता त्यानं ती दुसऱ्या बाजूनं वाचली, आणि नारबाच्या जवळचा तोच होता, मी नव्हे. तेव्हापासून मी हे पुस्तक सांगताना म्हणतो, बैलवाल्यानं वाचावंच, पण वाचून झाल्यावर गड्याच्या पोराशी बोलावं.

दुसरं पुस्तक सदानंद देशमुखांचं 'बारोमास'. ही 2002 सालची विदर्भातली कादंबरी, 2004 साली तिला साहित्य अकादमी मिळालं. त्यात एकनाथ हा शिकलेला पोरगा आहे. नोकरीसाठी द्यायला पैसा नाही, आणि शेती त्याला धरूही देत नाही, सोडूही देत नाही. घरात बापाचं नि त्याचं जमत नाही, बायको कंटाळलेली. कोरडवाहू घराचा इतका बारीक हिशेब मी दुसरीकडं वाचलेला नाही. आमच्या गावात असाच एक शिकलेला पोरगा आहे. मी मोठ्या उत्साहानं त्याला हे पुस्तक नेऊन दिलं. म्हटलं, तुझीच गोष्ट आहे.

आठ दिवसांनी त्याची आई पुस्तक परत घेऊन आली. पिशवीत गुंडाळून आणलं होतं. म्हणाली, "भावजी, रागावू नगासा. ह्ये आत्ता नगं त्येला. रात-रात जागतोय आन वाचून झालं की भिताडाकडं बघत बसतोय. पाऊस होऊ द्या, येक पीक घरात येऊ द्या, मग द्या."

मी पुस्तक घेतलं आणि गप राहिलो. पुस्तकाचं यात काय चुकलं? काहीच नाही. चुकलं ते सांगणाऱ्याचं. खरं पुस्तक खऱ्या वेळी द्यावं लागतं. ज्याच्या घरात आत्ता आग लागली आहे त्याला आगीचं चित्र दाखवून उपयोग नसतो. दीड वर्षानं, कांद्याचे बरे पैसे आल्यावर, त्या पोरानं आपणहून येऊन 'बारोमास' मागून नेलं. वहीत त्यानं लिहिलं, "एकनाथाला बोलायला कुणीतरी पाहिजे होतं." आता तो पोरगा अवसेला येऊन बसतो. शहरातल्या वाचकांनी हे पुस्तक जरूर वाचावं, त्यांना वेळ-काळाची अडचण नाही.

तिसऱ्या पुस्तकानं मात्र मला घरातच गाठलं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', 1955 सालची. आमच्या माणदेशाचं हे घरचं पुस्तक. 1958 साली ते इंग्रजीत गेलं, 1995 साली अमोल पालेकरांनी त्यावर सिनेमा केला. पण आम्हाला ते आवडतं ते आमच्या माळाच्या वासासाठी. कोवळ्या वयाचा एक मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, हळूहळू तिथला होतो, सगळ्यांच्या मेहनतीनं तालीम उभी राहते, आणि पुढं दुष्काळ वाडी रिकामी करून टाकतो. यात कुणी खलनायक नाही. सावकाराला शिव्या घालून मोकळं व्हायची सोय लेखकानं ठेवलेली नाही. वाक्यं लहान आणि कोरडी, आमच्या रानासारखी. आबा तर म्हणाले, "ह्या मानसानं मेंढरं बघितल्याती. आयकून न्हाई लिवलं." आबांचा दाखला मला मोठ्या समीक्षकापेक्षा जास्त वाटतो.

त्या अवसेला पाऊस होता म्हणून बैठक आमच्या घरी सोप्यात होती. वाचता वाचता शेकूचा भाग आला. शेकूला पेरणीला जोडीचा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या शेजारी जू घेते. हा भाग वाचला की माझ्या अंगावर काटा येतो. मी पुस्तक मिटलं आणि बोलायला लागलो. काय ती बाई, काय ते बळ! गिरणीवाल्यानं त्यात भर घातली, गुरुजींनी मातृशक्ती वगैरे आणली. अर्धा तास आम्ही तिच्या ताकदीवर बोलत होतो.

आमची मंडळी चहा घेऊन आली होती. चौथीपर्यंत शिकलेली. कपबश्या ठेवून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आवो, तुमी येवढं बाप्ये तिच्या ताकदीवर बोलला. तिच्या खांद्यावर कोन बोललं का?"

सगळे गप्प झाले. माझ्या हातात पुस्तक तसंच राहिलं.

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. पावसाळ्याच्या तोंडाला आमचा एक बैल पान लागून गेला. बाजरी गुडघ्याला आलेली, तण मातलेलं. पैऱ्यानं बैल मागितला, पण कोळपणी सगळ्या गावाची एकदमच असते, कोण देणार? शेवटी दोरी हिनं खांद्यावर घेतली आणि कोळपं मी दाबलं. तीन दिवसांत दीड एकर काढलं. रात्री ती खांद्याला हळद-तेल लावत होती, आणि मी पारावर बसून चार मित्रांना तिच्या ताकदीचं कौतुक सांगत होतो. पुढं मी ते विसरून गेलो. वीस वर्षं 'बनगरवाडी' लोकांना सांगत होतो, त्या भागापाशी आवाज कापरा करत होतो, पण मला माझी बाजरी एकदाही आठवली नाही.

पुढच्या अवसेला यावर वाद झाला. गुरुजींचं म्हणणं, लेखक आपलं मत लादत नाही, दाखवतो आणि बाजूला होतो, आणि हाच त्याचा मोठेपणा. मलाही ते पटतं. मास्तरानं तिथं थांबून दोन ओळींचा कळवळा लिहिला असता तर पुस्तक पातळ झालं असतं. पण मंडळीचंही खोटं नाही. ती म्हणाली, "बघनाऱ्याला ताकद दिसती. वढनाऱ्याला खांदा." लेखकानं मोकळी सोडलेली जागा कुणी कशानं भरायची ते वाचणाऱ्यावर असतं. आम्ही बाप्ये ती जागा कौतुकानं भरत होतो, कारण कौतुक स्वस्त पडतं. पुस्तक तेच आहे. माझ्या लेखी ते कमी झालं नाही, उलट मोठंच झालं, कारण ते माझ्या घरापर्यंत आलं. पण ते मी एवढे दिवस चुकीचं सांगत होतो.

त्यानंतर मंडळीनंच विचारलं, बाईच्या बाजूनं सगळं सांगणारं काही आहे का? गुरुजींनी उद्धव शेळक्यांची 'धग' आणली, 1960 सालची. भाषा वऱ्हाडी. पहिली वीस पानं आम्ही अडखळत, हसत वाचली, मग कान सरावला आणि हसू बंद झालं. कौतिक नावाची शिंप्याची बायको. संसार वर काढायचा म्हणून ती झटते, पोरांना शिकवायचं म्हणते, आणि नवरा महादेव तिला पुरा पडत नाही. पुढं त्याला महारोग होतो, आणि शेवटी तिचं डोकं फिरतं. यात तिच्या ताकदीचं कौतुक करायला लेखक आपल्याला वेळच देत नाही. तिची धडपड आणि तिची झीज दोन्ही एकदमच दिसतात. म्हणून मी आता म्हणतो, 'बनगरवाडी' आणि 'धग' पाठोपाठ वाचा. एकीनं माळ दिसतो, दुसरीनं चूल दिसते. 'धग' मात्र सुगीनंतर वाचा, हातात थोडं धान्य आणि मनात थोडं बळ असताना.

आता बैठक देवळातून शाळेच्या पडवीत आली आहे. देवळाच्या सोप्यात रात्री बाप्यांच्यात बसायला बायका अवघडतात, हे आम्हाला सात वर्षं कळलं नव्हतं. सध्या सहा जणी येतात. चहा आळीपाळीनं होतो, आणि बाप्यांचीही पाळी असते.

तुमच्या गावात किंवा तुमच्या शहरातल्या बिल्डिंगीत असं काही सुरू करणार असाल तर फार काही लागत नाही. एक पुस्तक, एक वही आणि 'छान आहे' म्हणायला बंदी. त्यात न वाचता येणारं एक तरी माणूस असू द्या. आणि पुस्तक सांगायच्या आधी समोरच्याचं रान विचारा.

'बनगरवाडी'खाली वहीत माझं नऊ ओळींचं कौतुक आहे. त्याच्या खाली मंडळीनं पेन्सिलीनं, जोडाक्षरं चुकवत, एक ओळ लिहिली आहे: "चांगलं हाय. बाप्यांनी बायकांसंगं बसून वाचावं."