क्षमेचा अधिकार : दोन रशियन कादंबऱ्यांच्या संदर्भात

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त ख्रिस्ती क्षमाविचाराचे सार म्हणून सांगितला जातो. वाटणी घेऊन दूर देशी गेलेला धाकटा मुलगा सर्वस्व उधळतो, डुकरे राखण्याची पाळी आल्यावर भानावर येतो आणि चाकर म्हणून तरी ठेवून घ्यावे या आशेने घराकडे वळतो. त्याच्या तोंडून कबुलीचा शब्द निघण्यापूर्वीच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. दृष्टान्ताचे मर्म या क्रमात आहे. बाप मुलाच्या पश्चात्तापाची परीक्षा घेत बसत नाही. आपला स्वीकार झाला आहे, या अनुभवातूनच पापी माणसाचे खरे परिवर्तन सुरू होते, अशी ही श्रद्धा आहे.

या दृष्टान्तात एक पात्र मात्र नाही. मुलाने उधळली ती बापाची मिळकत, आणि क्षमा करणाराही बापच. हिशेब घरातल्या घरात मिटतो. थोरला भाऊ रागावून दाराबाहेर उभा राहतो; पण त्याचीही तक्रार वागणुकीतील पक्षपाताची आहे. पापाचा भोग ज्याला भोगावा लागला तो माणूस घराबाहेरचा असेल, किंवा तो हयातच नसेल, तर क्षमा कोणी करावयाची? ईश्वर क्षमा करतो, हे धर्मशास्त्राचे उत्तर आहे. कादंबरीला तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तिने नाव आणि चेहरा दिलेला असतो. दोस्तोयव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ (1866) व टॉलस्टॉयची ‘पुनरुत्थान’ (1899) या दोन कादंबऱ्यांचे मोठेपण त्यांनी हा प्रश्न चुकवला नाही यात आहे, असे मला वाटते.

रास्कोल्निकोव्ह हा तरुण सावकारीण अल्योना इव्हानोव्हना हिचा कुऱ्हाडीने खून करतो आणि अवचित तेथे आलेल्या तिच्या सावत्र बहिणीलाही, लिझावेतालाही, ठार करतो. अल्योनाच्या खुनामागे त्याचे तत्त्वज्ञान आहे. लिझावेताच्या खुनाला कसलेही तत्त्वज्ञान नाही. म्हणूनच की काय, तिची आठवण आपल्याला फारशी का होत नाही, याचे त्याचे त्यालाच नवल वाटते. पुढे सोन्या त्याला योहानाच्या शुभवर्तमानातील लाजराची कथा वाचून दाखवते. चार दिवसांपूर्वी मेलेला, थडग्यात ठेवलेला माणूस येशूच्या हाकेसरशी बाहेर येतो, ही ती कथा. या प्रसंगावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु माझ्या दृष्टीने त्यातील निर्णायक तपशील दुसराच आहे. ज्या प्रतीतून सोन्या वाचते तो नवा करार तिला लिझावेताने आणून दिलेला आहे. उपसंहारात सैबेरियातील तुरुंगात रास्कोल्निकोव्हच्या उशाखाली असतो तो हाच ग्रंथ. जिला तो विसरू पाहत होता, तिच्याच हातून आलेले पुस्तक त्याच्या नव्या आयुष्याच्या उंबरठ्यावर ठेवलेले आहे. मेलेली लिझावेता क्षमेचे शब्द उच्चारू शकत नाही, आणि लेखकही ते तिच्या वतीने उच्चारत नाही. तिला वगळून मात्र हे परिवर्तन होऊ शकत नाही, एवढे तो या मूक वस्तूच्या द्वारे सांगतो.

परिवर्तनाच्या बाबतीतही दोस्तोयव्हस्कीने असाच संयम पाळला आहे. भर चौकात भूमीला वंदन करून गुन्हा कबूल कर, असे सोन्या सांगते. रास्कोल्निकोव्ह भूमीचे चुंबन घेतो, पण लोक हसतात आणि कबुलीचा शब्द त्याच्या ओठांवरच विरतो. पोलिसांपुढे कबुली दिल्यानंतर, आठ वर्षांच्या सक्तमजुरीवर गेल्यानंतरही कित्येक दिवस त्याला खरा अनुताप होत नाही. नदीकाठी सोन्याच्या पायांशी तो कोसळतो तो अगदी शेवटी; आणि उशाखालचा ग्रंथ तेव्हाही त्याने उघडलेला नसतो. त्याचे नवे जीवन हा वेगळ्या कथेचा विषय आहे, असे सूचित करून लेखक थांबतो. 1850 ते 1854 ही चार वर्षे ओम्स्कच्या तुरुंगात नव्या कराराची प्रत जवळ बाळगून काढलेल्या या लेखकाला परिवर्तन किती मंद गतीने होते याची पुरती जाणीव असली पाहिजे.

टॉलस्टॉयची भूमिका निराळी आहे. चर्चने प्रतिपादिलेले चमत्कार व संस्कार त्याला मान्य नव्हते, आणि 1901 मध्ये रशियन चर्चने त्याला बहिष्कृत केले. क्षमा हा त्याच्या लेखी आचरणाचा नियम आहे. ज्या कात्यूशाला आपण भ्रष्ट करून शंभर रूबलची नोट देऊन सोडून गेलो, तीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असल्याचे ज्यूरीत बसलेला नेख्ल्यूदोव्ह पाहतो. ज्यूरीच्याच हलगर्जीमुळे तिला चार वर्षांची सक्तमजुरी होते. प्रायश्चित्त म्हणून तो तिला लग्नाची मागणी घालतो, आणि येथे कादंबरीतील सर्वांत तेजस्वी क्षण येतो. कात्यूशा संतापाने त्याला झिडकारते. इहलोकी माझा भोग घेतलास, आता परलोकी माझ्याच आधाराने तरून जाऊ पाहतोस, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. पश्चात्तापातही स्वार्थ दडलेला असू शकतो. पापी माणूस आपल्या उद्धारासाठी पीडितेला पुन्हा एकदा साधन म्हणून वापरू शकतो. हे सत्य टॉलस्टॉयने उपदेशकाच्या तोंडी न घालता तिच्या तोंडी घातले, हा त्याच्यातील कलावंताचा विजय होय.

शेवटी कात्यूशा सिमन्सन या राजकीय कैद्याबरोबर राहण्याचे ठरवते. निरोप घेताना तिच्या तोंडून निरोपाच्या शब्दाऐवजी क्षमायाचनेचा शब्द निघतो. रशियन भाषेत हे दोन शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. तिचे आपल्यावर प्रेम आहे आणि आपल्याला मोकळे करण्यासाठीच ती दूर होत आहे, हे नेख्ल्यूदोव्हला त्या एका शब्दाने उमगते. जिची क्षमा मागावयाची तीच क्षमा मागून निघून जाते. यानंतर तो मत्तयाचे शुभवर्तमान उघडून जीवनाचे नियम शोधू लागतो, ती पाने मला उणी वाटतात. चेखॉव्हनेही या शेवटाबद्दल नापसंती व्यक्त केली होती. कात्यूशा नजरेआड होताच प्रश्न पुन्हा एकट्या नेख्ल्यूदोव्हच्या अंतःकरणापुरता उरतो, हे त्या उणेपणाचे कारण आहे.

मराठी वाचकाला या संदर्भात वाल्या कोळ्याची कथा आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे परिवर्तन आहे, तेही संपूर्ण. मात्र ते नामस्मरणाच्या तपातून घडते. लोककथेत वाल्या प्रत्येक हत्येगणिक रांजणात एक खडा टाकतो. वाल्याचा वाल्मीकी झाला, पण त्या खड्यांचे पुढे काय झाले हे कथा सांगत नाही. तो तिचा हेतूही नाही. वरील दोन कादंबरीकारांनी एकेक खडा उचलून त्यावरचे नाव वाचण्याचा प्रयत्न केला आहे, असे म्हणता येईल.

हा प्रश्न ग्रंथापुरता नाही. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. परंतु क्षमा वेगळी आणि कायद्याने होणारी शिक्षा वेगळी, हा भेदही त्यांनी राखला. त्या क्षमेपुढे आपण नम्र होतो, याचे कारण ती देण्याचा अधिकार त्यांचा होता आणि ती त्यांच्याकडे कोणी हक्काने मागितली नव्हती. पती आणि मुले यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांनाही पूर्णांशाने होता काय, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो, आणि तो शिल्लक राहावा हेच योग्य होय.

पापी माणूस बदलू शकतो, ही ख्रिस्ती श्रद्धा साहित्याने नाकारलेली नाही. त्या श्रद्धेची किंमत कोणी मोजली, एवढे विचारण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले आहे. रास्कोल्निकोव्हच्या उशाखालचे पुस्तक उघडण्यापूर्वी ते कोणाचे होते हे वाचकाला ठाऊक असले पाहिजे.