शासकीय मराठी : शब्द आणि वाक्य

१९६४ च्या अधिनियमाने मराठी महाराष्ट्राची राजभाषा ठरली; १९७३ साली भाषा संचालनालयाचा ‘शासन व्यवहार कोश’ सिद्ध झाला. शब्दांची उणीव त्यामुळे पुष्कळशी दूर झाली. वाक्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’ या वाक्यात एकही शब्द दुर्बोध नाही. तथापि कार्यवाही कोणी, कोणती व केव्हापर्यंत करावयाची, हे कळत नाही. ‘करण्यात येणे’ या प्रयोगात कर्ता अध्याहृत राहू शकतो; त्याच्यासवे उत्तरदायित्वही लोपते. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यास फेरफाराच्या नोटिशीतून कळावयास हवे ते एवढेच, की हरकत कोणाकडे व किती दिवसांत नोंदवावयाची. म्हणून लोकसेवेच्या शिक्षणक्रमात परिभाषेइतकेच वाक्यरचनेचे अध्यापनही अगत्याचे आहे.