पडद्यावरील पाकस्पर्धा आणि चवीचा निवाडा

'आम्ही सारे खवय्ये'मधून घरोघरच्या पाककृती मांडणारे प्रशांत दामले २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'किचन कल्लाकार'मध्ये परीक्षक झाले. पाककृतीची जागा स्पर्धेने घेतली. खवय्या प्रेक्षक न चाखलेल्या पदार्थाविषयी हिरिरीने वाद घालतो. साहजिकच हा वाद रंग, मांडणी व स्पर्धकाची लोकप्रियता यांभोवती फिरतो. भोर-वेल्हे परिसरातील इंद्रायणी भाताचा वास वा नाचणीच्या भाकरीचा पोत कॅमेऱ्यात उतरत नाही. परिणामी असे अन्न हलके मानले जाण्याचा धोका संभवतो. तथापि, २०२१ च्याच 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया'च्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी यांनी पांता भात, म्हणजे पाण्यात भिजविलेला भात, मांडला व श्रमिकांच्या अन्नास प्रतिष्ठा मिळवून दिली. सारांश, उणीव अन्नात नसून निकषांत आहे; वाद व्हावयास हवा तो निकषांविषयी.