अमेरिकन राष्ट्रीय बँकांच्या नोटा व त्यांचे सूचिकार

इ. स. १८६३ पासून १९३५ पर्यंत अमेरिकेंतील हजारों राष्ट्रीय बँकांनीं सरकारी रोखे तारण ठेवून आपापल्या नांवाच्या नोटा चालविल्या. त्या ओळखण्यास संग्राहक बहुधा फ्रीडबर्गची १९५३ सालीं प्रथम निघालेली सूची हातीं धरतात. तिची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. परंतु तिची वर्गवारी नोटेचा छाप, दर्शनी किंमत आणि सरकारी कोषागाराच्या दोन अधिकाऱ्यांच्या सह्या यांवर उभी असल्यामुळें नोट ज्या बँकेची, ती बँकच वर्गवारींतून गळते.

शिवाय सह्यांवरून काळ ठरवूं जाणारा हटकून फसतो. १९०२ च्या मालिकेच्या पुष्कळ नोटांवर लायन्स व रॉबर्ट्स यांच्या सह्या आहेत. यांची जोडी १९०५ त फुटली. तथापि शिक्का निळा असून पाठीवर ‘१९०२–१९०८’ हे आकडे नसतील, तर तीच नोट १९१५ पूर्वींची असूं शकत नाहीं. ते आकडे ज्या १९०८ च्या कायद्यामुळें आले, तो १९१५ त संपला व त्यानंतर ते गाळले गेले. सह्या आणि तारीख मात्र बँकेच्या ठशावर एकदां कोरल्या, त्या तशाच चालल्या. कागदावरची मिती व लेखनकाल एक नव्हेत, हें पेशवे दफ्तर चाळणाऱ्यांस सांगावयास नको.

खरा धागा सनदेच्या क्रमांकाचा. १८७४ च्या कायद्यानें तो नोटेवर छापणें आवश्यक झालें. हिकमन व ओक्स यांनीं १९८२ च्या आपल्या सूचींत बँकवार मांडणी केली, हें त्यांचें मोठें काम होय. एकाच छापाची, सारखीच मळलेली नोट न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची असेल तर अल्प मोलाची; एखाद्या लहान गांवच्या बँकेची असेल तर कदाचित् एकुलती एक. जुनेपणावर मोल ठरविणारे दुकानदार हा भेद जाणूनबुजून झांकतात, असें आमचें मत आहे.

तरी बँकवार गणनेलाही मर्यादा आहे. दुर्मिळतेचा आंकडा म्हणजे ठाऊक असलेल्या नोटांचा आंकडा. एखादें जुनें गांठोडें उघडलें कीं तो बदलतो. म्हणून प्रत्येक नोट कोठें व केव्हां पाहिली, हें सूचिकारांनीं आंकड्याशेजारीं नोंदवावें. नोटा धुवून उजळ करण्याची चाल तर आम्हांस सर्वथा त्याज्य वाटते. त्यांत बँकेच्या अध्यक्षाच्या व खजिनदाराच्या शाईच्या सह्या पुसट होतात, आणि कित्येक लहान बँकांच्या या माणसांचें हस्ताक्षर अन्यत्र मिळणें कठीण आहे.