हिवाळा : उसना आणि पाहिलेला

नाताळची सुट्टी संपता संपता पवईतील आमच्या धर्मग्रामातल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने आपली वही माझ्या हाती दिली. हिवाळा आणि कलेचा आस्वाद या विषयावरचे त्याचे चिंतन तीत होते. ‘परखडपणे सांगा, फादर,’ एवढेच तो म्हणाला. त्याला जे सांगितले तेच येथे जरा विस्ताराने मांडतो. कारण त्याच्यापुढचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

वहीची पहिली चार पाने हिमाने भरली आहेत. शुभ्र छपरे, निष्पर्ण वृक्ष आणि शेकोटीपाशी उदास झालेले मन. या मुलाने आजवर बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या पेल्यात! त्याचा हा हिवाळा भेटकार्डांवरून उतरलेला आहे. पण दोष त्याला एकट्याला कसा द्यावा? नाताळच्या गोठ्यावर कापसाचे हिम आपणच पसरतो, आणि प्रवचनातून बर्फात कुडकुडणाऱ्या परदेशी मुलांच्या गोष्टी मीही वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

पाचव्या पानावर मात्र भाषा बदलते. रात्रभर अभ्यास करून तो पहाटे पवई तलावाच्या काठी जातो. पाण्यावर धुक्याचा पातळ थर आहे. डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेली एक बाई त्या धुक्याच्या कडेने चालली आहे. चित्रदालनात तासभर फिरून जे लाभले नाही ते त्याला येथे क्षणात लाभते. आणि लगेच त्याला लाज वाटते. बाईच्या अंगावर गरम कपडा नाही. तिच्या कष्टात सौंदर्य शोधण्याचा आपल्याला अधिकार काय, असे विचारून तो लेखणी खाली ठेवतो. वही तेथेच संपते.

ही वही वाचताना मला बा. सी. मर्ढेकरांची आठवण झाली. त्यांचा पहिला काव्यसंग्रह ‘शिशिरागम’ 1939 साली, ते तिशीच्या उंबरठ्यावर असताना प्रसिद्ध झाला. त्यातील शिशिर पानगळीचा आणि विरहाचा आहे. रचना सफाईदार आहे. पण त्या उदासीवर पूर्वसूरींची छाया आहे. पुढे याच कवीने मुंबईच्या बंदरावरील माघातल्या पहाटेची कविता लिहिली. माघ हा शिशिराचाच महिना. ऋतू तोच, पाहणारा मात्र बदललेला. आता तेथे धक्क्याला लागलेल्या रंगीत बोटी आहेत, लाटांवरचे पक्षी आहेत, धुराचा आणि चहाचा वास आहे. त्या पहाटेला कवीने गर्भवती स्त्रीची उपमा दिली आहे. शहराच्या पोटात दिवसभराची प्रचंड धांदल दडली आहे, आणि ती जागी होण्यापूर्वी घोटभर हिवाळा तेवढा वाट्याला येतो. उसन्या उदासीला येथे जागाच उरलेली नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तरही याच कवितेत आहे. घरे अंधाराच्या उशीवरून अलगद डोके उचलत असतात, त्याच वेळी दुधाच्या कावडींच्या भाराने गवळ्यांच्या माना वाकलेल्या असतात. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या 1955 मधील ग्रंथात मर्ढेकरांनी लयतत्त्व मांडले. संवाद, विरोध आणि समतोल ही त्याची तीन अंगे. त्या परिभाषेत उचललेले डोके आणि वाकलेली मान हा विरोधलयीचा उत्तम नमुना ठरेल. सौंदर्याचा निकष रचनेच्या संबंधांत शोधावा, हा त्यांचा आग्रह प्रसिद्धच आहे. मला तो अपुरा वाटतो. केवळ रचनेच्या हिशेबाने ती वाकलेली मान आपल्या मनात इतकी वर्षे का सलत राहावी, याचा उलगडा होत नाही. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कवीने गवळ्याची कीव केलेली नाही, त्याच्या नावाने उपदेशही केलेला नाही. त्याने शब्द नेमके योजले, म्हणून तो गवळी आपल्याला दिसला. करुणा तेथे रचनेच्या वाटेनेच आली.

म्हणून माझा अभिप्राय असा. पहिली चार पाने निःसंकोच फाडावीत. पाचवे पान जपावे. ते खरे आहे. मात्र तेथली लाज घाईने आलेली आहे. त्या बाईकडे पाहणे हा तिचा अपमान नव्हे. पाहून लगेच स्वतःच्या अपराधी मनाकडे वळणे, यात तिच्यावर अन्याय आहे. हंडा भरून ती कोठून येत होती, तो कोठे उतरवला, तिने वाटेत क्षणभर थांबून तलावाकडे पाहिले काय, हे वहीत नाही. ज्याला नीट पाहता येत नाही त्याला ना चित्र कळते, ना शेजारी.

वही मी परत केली आहे. सहावे पान त्याने पुन्हा त्या काठावर जाऊन लिहावे. मुंबईचा हिवाळा फार दिवस थांबत नाही.